जुळ्या खड्यांचा उजेड

"पेटला! पेटला!" आतल्या खोलीतून शिष्याची आरोळी आली आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. व्यासपीठावरच्या महाराजांनी घंटा वाजवून तबकातल्या खड्यावर बोट टेकवलं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडे, रुग्णासमोरचा खडा उजळला होता.

"विज्ञानच आहे हे!" महाराज गरजले. "एका स्फटिकाच्या पोटचे जुळे! इथं शक्ती भरली की तिथं रोग पळतो. गोळ्या हव्यात कशाला?"

पहिल्या रांगेतल्या ताईनं त्या भिंतीकडे पाहिलं. आत रुग्ण म्हणून तिची धाकटी बहीण बसली होती. महाराजांकडून खडा विकत घेतल्यापासून धाकटीनं फिटच्या गोळ्या सोडल्या होत्या. परवा ती पेटत्या गॅसपाशीच कोसळली.

ताईचं संशोधन जुळ्यांवरच चाले, पण प्रकाशकणांच्या. ती एका खास स्फटिकात जांभळा लेसर सोडी. कोट्यवधी प्रकाशकणांतला एखादाच आत दुभंगे आणि त्यातून निम्म्या ऊर्जेचे, डोळ्यांना न दिसणारे दोन कण निघत. एकाचं मोजमाप केलं की दुसऱ्याचं काय येणार ते कळे. पण त्या नात्यातून साधा निरोपही धाडता येत नाही, मग शक्ती कुठली जायला? प्रयोगशाळेतला एक शिरस्ता मात्र तिच्या अंगवळणी पडला होता. कण टिपणारं मोजणीयंत्र टिकटिकू लागलं की आधी लेसर अडवायचा. तरीही टिकटिक तशीच चालली, तर ती खोटी.

महाराज डोळे मिटून पुन्हा पुटपुटू लागले. ताई व्यासपीठावर चढून पाया पडायला वाकली आणि तबकातला खडा तिनं अलगद मुठीत घेतला. घंटा वाजली. महाराजांचं बोट रिकाम्या तबकावर टेकलं.

"पेटला! पेटला!"

"कशानं पेटला?" ताईनं मूठ उघडली. "खडा तर माझ्याकडे आहे!"

"बाई, शक्ती हवेतूनही जाते!"

"मग खडे विकता कशाला? हवाच विका की!"

कुणीतरी फस्सकन हसलं. ताई तडक आत गेली, लोक तिच्या मागोमाग. तिनं धाकटीसमोरच्या स्टुलावरचा खडा उचलला, तो विझला. परत ठेवला, पेटला. स्टूल उलटं केलं तर बुडाशी तारेचं वेटोळं, त्याची वायर शिष्यानं गडबडीत अजून पायाखाली दाबून धरलेल्या बटणापर्यंत गेलेली. खड्याच्या पोटात इवलासा दिवा, खालच्या वेटोळ्यात वीज सोडली की बिनतारी पेटणारा. घंटा वाजली की शिष्यानं पाय दाबायचा!

"देवाला जरूर हात जोडा," ताई म्हणाली, "मीही जोडते. पण चमत्कार दिसला की त्याचं मूळ अडवून बघा. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका."

धाकटी हुंदके देत होती. "मला बरं वाटत होतं गं, ताई. का विझवलास?"

ताईनं पर्समधून गोळी काढली, पाण्याची बाटली पुढे केली. "आधी ही घे, बाळा. मग डॉक्टरांकडे जाऊ."

धाकटीनं गोळी गिळली. डोळे मात्र त्या विझलेल्या खड्यावरच होते.