गुरुसिद्धप्पा मेमरीत घुसला

१९७९ साली ईश्वरप्पांच्या गिरणीत कॉम्प्युटर आला, तेव्हा अख्ख्या सोलापुरात उन्हाळ्यात गारठणारी ऑफिसातली बाई म्हणजे एकटी शांतम्मा. मशीनसाठी थंड ठेवलेल्या खोलीत बसून तिनं कामगारांच्या हजेरीचा प्रोग्राम सी भाषेत लिहिला होता. पुण्याचे गिरणीवाले तो पाहायला येणार होते. ईश्वरप्पांनी आधीच बजावलं होतं, "पावण्यांपुढं बंद पडला तर मशीन परत पाठवीन बघ. चूक झाली तर 'सगळं ठीक' म्हणून पुढं ढकल की."

तशी सोय होतीच. प्रोग्रामनं नको त्या मेमरीला हात लावला की मशीन इशारा देतं. तो झेलून गिळला की कुणाला पत्ताच लागत नाही. शांतम्मानं इशारा झेलला, पण गिळला नाही. एक ओळ छापायची, इशारा पुन्हा मशीनच्या हवाली करायचा आणि प्रोग्रामला मरू द्यायचं. म्हणजे मरतानाची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरते आणि चूक कुठं झाली ते नंतर शोधता येतं. मालक रागावले तरी खोटं 'ठीक' लिहायला तिचा हात धजेना.

आणि नेमका पाहुण्यांपुढंच प्रोग्राम पडला. 'मेमरीत चूक. नोंद ठेवली आहे,' एवढं छापून गप्प!

"घालवलीस की अब्रू," ईश्वरप्पा पुटपुटले आणि पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले.

तिनं ती उतरलेली मेमरी उघडली. जिथं मेमरीतल्या एका जागेचा पत्ता असायला हवा, तिथं इंग्रजी अक्षरांत 'प्पा' बसला होता. शांतम्मा खो-खो हसली. पुस्तकातलं उदाहरण उचलून तिनं नावाला वीस अक्षरांची जागा दिली होती, आणि गिरणीतला आपला गुरुसिद्धप्पा चनमल्लप्पा त्यात मावेना म्हणून शेजारच्या घरात घुसला होता. सोलापूरची लेक सोलापूरचीच नावं विसरली होती.

पाहुणे पान चघळत परतले, तोवर तिचं काम झालं होतं.

"चूक घावली, मालक. आपली नावं लांब, जागा पुरली न्हाई."

"मग नावं छाटलीस व्हय?"

"आपल्या माणसांची नावं का छाटायची? जागा वाढवली."

हजेरीची छपाई सुरू झाली. एकही नाव तुटलं नाही. अभिमानानं शांतम्माचा ऊर भरून आला.

"आमचं मशीन कधी असं पडत नाही हं," एक पाहुणा म्हणाला.

ईश्वरप्पा खुर्चीत ताठ झाले. "पडत आसंल हो, तुमाला कळत नसंल. आमची शांतम्मा झाकत न्हाई."