गाई बसतात ती जागा

नकाशावर एक वर्तुळ काढायचं राहिलं होतं. तेवढ्यासाठी नेटीने मुलाला बोलावून घेतलं होतं. निदान फोनवर तरी तिने तेच कारण सांगितलं होतं.

अमेरिकेतल्या मॉन्टानाच्या त्या खोऱ्यात शेजारची तीन कुरणं विकली जाऊन तिथे सुट्टीपुरती घरं उठली होती. नेटीला आपली जमीन कायमची करारात बांधून टाकायची होती. मालकी घरचीच, गाई आणि गवतही चालूच. पण तुकडे पाडायचे नाहीत. नवं घर एकच, तेही नकाशावर वर्तुळाने आखलेल्या जागी. नवरा ऑर्विल गेल्यापासून अर्धी जमीन डेलच्या, म्हणजे मुलाच्या नावावर होती. त्याच्या सहीशिवाय सगळं अडलं होतं.

जमीन राखणाऱ्या संस्थेची लोरेटा टेबलावर नकाशा पसरून बसली होती. बहुतेक लोक टेकडी निवडतात, ती म्हणाली. तिथून सगळी डोंगररांग दिसते, आणि पुढेमागे विकायची वेळ आली तर भावही त्याच जागेला. बिलिंग्ज शहरात बावीस वर्षं डेल ट्रॅक्टरचे सुटे भाग विकत आला होता. टेकडीचा भाव त्याला कळत होता. नेटी कॉफीच्या कपाकडे बघत राहिली.

शेवटी तो उठला. जरा बघून येतो, म्हणाला.

"त्या बुटांनी? चिखलात रुतशील आणि गाई हसतील. बापाचे घाल."

ऑर्विलचे बूट दोन वर्षं दाराशीच होते. डेलला ते एक माप मोठे. तो टेकडी चढताना नेटीला खिडकीतून दिसला, मग दिसेनासा झाला. कॉफी दोनदा गरम करून झाली.

परत येऊन त्याने पेन्सिल टेकवली ती खाली, ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झुडपांमागे. तिथून तर काहीच दिसत नाही, लोरेटा म्हणाली.

"नसू दे. बर्फाच्या वादळात आमच्या गाई तिथे जाऊन बसतात. वारा लागत नाही. बाबा म्हणायचे, घर बांधावं तर गाईंना विचारून."

नेटीने हळूच विचारलं, "पण राहणार कोण तिथे?"

"मी. तुझ्या घरात नको, आई. आठवड्यात भांडू आपण. तिथून कॉफीला चालत येता येईल."

त्याने वर्तुळ पुरं केलं आणि सही कुठे करायची ते लोरेटाला विचारलं. नेटी आत गेली आणि ऑर्विलचे जाड लोकरी मोजे घेऊन आली. ते घातले की बूट बसतात, तिला माहीत होतं.