रविवारी राखलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. जेवायला बसायचा नव्हे, मासळी विकायला बसायचा. माझ्याभोवती कधी रांगोळी पडली नाही, माझ्यावर कधी नवरदेव बसला नाही. माझ्यावर बसली ती सत्यवती, पनवेलच्या कोळीवाड्यातली. आणि माझ्यासमोर सांडले ते बर्फाचे पाणी.

जन्म नंतर सांगतो. आधी रविवार.

रविवारी सकाळी सारे पनवेल पिशव्या घेऊन मासळी बाजारात उतरते. आणि नेमकी गर्दी चढू लागली की सत्यवती उठते. हात धुते, गळ्यातला छोटा क्रूस पदराबाहेर काढते आणि सुकापूरला प्रार्थनेला जाते. तिच्या मासळीवर ओले फडके. तिच्या जागी मी.

आमच्या रांगेचा नियम सोपा आहे. ज्या बाईचा पाट मांडलेला, तिची जागा राखलेली. पाट नसेल तर बाकीच्या सरकतात, आणि एकदा सरकलेली रांग मागे येत नाही. क्रेट ठेवून चालत नाही. क्रेट कुणाचेही असते, कुणीही उचलून नेते. पाट मात्र त्या बाईचा असतो.

तिकडे प्रार्थनेत काय होते ते मला सांगता येणार नाही. मी कधी गेलोच नाही. माझ्या गोष्टीत तेवढा भाग कोराच राहणार.

इकडचे सांगतो.

दाराजवळच्या पहिल्या जागेवर, सत्यवतीच्या शेजारी, कमळाबाई बसे. रांगेत सर्वांत वडीलधारी, जीभ कोयत्यासारखी. सत्यवती उठली की ती सुरू होई.

"काय गो, तुझा देव काय बर्फ हाय? सकाळीच गाठला नाय तर वितळंल?"

"देव नाय वितळत, काकी. मीच वितळते."

"आपल्या आईबापांचा देव तुला पुरला नाय काय?"

"तुमी तुमच्या देवाला हात जोडता, मी कदी काय बोलले? मला येशूनं उचललंय, काकी. ते लपवून कशाला ठेवू?"

एवढे बोलून ती निघे. लोकांना तिची ताठ मान दिसे. मी खाली असल्यामुळे मला तिचे पाय दिसत. ते दाराशी एकदा अडखळत. तरी चालत.

आता जन्म. मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळीतून कृष्णकांत सुताराने मला घडवले आणि खाली दोन पट्ट्या ठोकल्या. होडीत होतो तेव्हा माणसांना पाण्यावर धरत होतो. पाट झाल्यावर वाटले, संपले, आता बुडाखाली जन्म जाणार. तसा गेलाही.

सत्यवतीच्या दुसऱ्या बाजूला निशा बसे. नवरा अंथरुणाला खिळला म्हणून नुकतीच धंद्यात उतरलेली. तिला ओरडताच येत नसे. मासळी ताजी, पण गिऱ्हाईक समोरून निघून जाई.

"बोल गो, बाय," सत्यवती म्हणे. "देवानं गळा दिलाय तो काय लाजायला?"

"बोंबील, ताजे बोंबील," निशा पुटपुटे.

"बघ, आज एकानं ऐकलं. उद्या दोघं ऐकतील." आणि आपल्याकडे आलेले गिऱ्हाईक ती निशाकडे वळवी.

मग एके दिवशी कमळाबाई ओल्या फरशीवरून घसरली आणि स्वतःच्याच पाटावर आदळली. गुडघा मोडला, पाटही मोडला. लेकाने तिला रिक्षात घालून नेले. दाराजवळची जागा उघडी पडली.

दुसऱ्या सकाळी रांग सरकायला निघाली, तोच सत्यवतीने मला उचलले आणि कमळाबाईच्या जागेवर मांडले. स्वतः उलट्या क्रेटवर बसली.

"मग तूच बस ना तिथं," कुणीतरी म्हणाले.

"मी बसले की ती माझी होईल. काकी येनार हाय."

असे दिवस गेले आणि रविवार आला. पाट एक, जागा दोन.

"मावशी, आजच्या दिवस जाऊ नका," निशा म्हणाली. "तुमची जागा जाईल."

सत्यवती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले, आता ती मला उचलेल आणि आपल्या जागी नेईल. खरे सांगतो, मला तेच हवे होते.

"प्रार्थना नाय सोडनार," ती म्हणाली. "ती सोडली तर काकीची जागा राखायचं बळ कुठनं आणू?"

दुपारी ती परतली तेव्हा रांग सरकली होती. निशा जागची हलली नाही, पण तिला ओलांडून एक नवी बाई सत्यवतीच्या जागी बसली होती. सत्यवती रांगेच्या पार टोकाला, गटाराजवळ जाऊन बसली. तिथवर गिऱ्हाईक पोचायचे तेव्हा त्याची पिशवी आधीच भरलेली असायची.

"देवाकडं गेली नि गटाराला लागली," बायका हसल्या.

त्या दिवशी तिने पदराने डोळे पुसले. पुढच्या रविवारी ती पुन्हा उठली, हात धुतले आणि गेली.

पुढे एका सकाळी कमळाबाई काठी टेकत, लेकाच्या हाती टोपल्या देऊन आली आणि दाराशीच थबकली. तिच्या जागेवर मी. शेजारी अनोळखी बाई.

"सत्यवती कुठं हाय?"

बायका आपापल्या मासळीवर पाणी शिंपडू लागल्या. मग निशा बोलली, आणि अशी बोलली की मोबाइलवरून पैसे देणारी गिऱ्हाइकेही वळून बघू लागली.

"गटाराला बसल्येय. तुमची जागा राखली नि तिची गेली."

कमळाबाई माझ्यावर टेकली. जड बाई. माझी एक पट्टी करकरली. सत्यवती हात पुसत आली.

"मला तुझा देव नको हां," कमळाबाई म्हणाली.

"मी कुठं देते, काकी? तुमची जागा घ्या."

कमळाबाईने एकदा गुडघा चोळला. मग आपल्या टोपल्या तिने अंगाशी ओढल्या, काठीने समोरची अर्धी फरशी मोकळी केली.

"आन तुझी मासळी. इथं बस."

आता रविवारी सत्यवती गेली की तिची मासळीही कमळाबाईच विकते. विकता विकता तिला बोलतेही. "ती गेल्येय तिच्या देवाकडं. तुमी घ्या, तिचीच सुरमई हाय. देवाकडं जानारी बाई शिळं नाय ठेवत."

मित्रांनो, माझी पट्टी आता सैल झाली आहे. कुणी एक खिळा ठोकला तर आणखी काही वर्षे निघतील. नाही ठोकला तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या रांगेतले कुणी आपल्या श्रद्धेसाठी उठून गेले, तर तुम्ही सरकू नका. आणि उठणारे तुम्हीच असाल, तर हसणाऱ्यांचीही जागा राखून उठा.