अर्धं काज

आमच्या दुकानात कापायचं मी, शिवायचं मी, गिऱ्हाइकांची बोलणी खायची तीही मीच. काजं मात्र हिची. कोटाचं काज मशीनवर केलं, तर मी माहेराला नावं ठेवल्यासारखं तोंड करते ही.

हिला कॅन्सर झाला. औषधांच्या तिसऱ्या फेरीनंतर केस विंचरतानाही ती मध्येच कंगवा खाली ठेवायला लागली. मी कंबर कसली. स्वयंपाक, धुणं, केर, सगळं तिच्या हातून काढून घेतलं. सुयांचा डबासुद्धा वरच्या फळीवर ठेवला. ती दिवसभर पडून राहायची आणि आणखीच दमून उठायची. मी घाबरून तिला पुन्हा झोपवायचो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझे कान उपटले. "काका, हा थकवा नुसत्या झोपेनं जात नाही. रोज थोडं चालवा त्यांना. अंघोळ स्टुलावर बसून. आणि असेल ती ताकद कशासाठी वापरायची, ते त्यांनी ठरवायचं. तुम्ही नाही."

घरी येऊन हिला विचारलं. मला वाटलं, लेकीशी फोनवर बोलायचं म्हणेल.

"मास्तरांच्या कोटाची काजं," ती म्हणाली. शाळेतले मास्तर आमचं जुनं गिऱ्हाईक. "चहानंतर जरा हुशारी वाटते, तेव्हा."

दुसऱ्या दिवशी दोघं कोपऱ्यापर्यंत चालून आलो. मग ती खिडकीपाशी कोट घेऊन बसली. पहिलं काज अर्धं झालं आणि तिचा डोळा लागला. मी शहाणा! उरलेलं अर्धं झटपट उरकून टाकलं.

जाग आल्यावर तिनं कापड उजेडात धरलं. माझे टाके तिला लपतात थोडेच! आता उद्धार होणार म्हणून मी उभा राहिलो, तर ती रडायलाच लागली.

"एवढं राहिलंय म्हणून उठले होते रे. आता कशाला उठू?"

तिथेच बसून मी माझा एकेक टाका उसवला.

पुढच्या दिवशी तिनं ते पुरं केलं, दुसरं धरलं आणि पुन्हा अर्ध्यातच पेंगली. मी तिच्या बोटांतली सुई अलगद काढून होती तिथेच कापडात खोचली. हात शिवशिवत होते, म्हणून उठून दुकानात आलो. मास्तर दारातच उभे होते.

"झाला का कोट?"

"काजं राहिलीत."

"किती?"

दीडच राहिलं होतं.

"पुष्कळ," मी म्हणालो, आणि पुढचा कोट कापायला घेतला.