दोन गाल आणि एक भिंगदिवा

मित्रांनो, मला दिवा म्हणावे की भिंग, याबाबत माझ्या घरात आजही एकमत नाही. खरे तर मी दोन्ही आहे. मधोमध तळहाताएवढे जाड काचेचे भिंग, त्याभोवती बांगडीसारखी गोल ट्यूब, आणि हे सगळे हव्या त्या जागी स्थिर धरणारा स्प्रिंगचा लोखंडी हात. माझा मोरपंखी रंग सांध्यांपाशी उडाला आहे. काच मात्र अजून निर्दोष आहे, आणि हे मी अभिमानाने सांगतो.

पुण्याच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. एका कारागिराने माझी काच इतक्या सावकाश घासली की त्याचा मालक त्याच्यावर चिडत असे. त्या सावकाशपणाचे फळ मी आजवर उपभोगतो आहे. माझ्यातून पाहिलेली सरळ रेषा कडेलाही वाकडी दिसत नाही.

तेथून मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आलो. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते आणि दर वर्षी त्याला नवी वसाहत फुटत होती. दुचाकीच्या रंगवलेल्या टाक्या तपासण्याचे काम मला मिळाले. माझे निरीक्षक व्यंकटराव तंत्रनिकेतनातून शिकून आलेले गृहस्थ होते. नव्या माणसांना ते समजावून सांगत, “प्रकाश एका बाजूने आला की दुसऱ्या बाजूला सावली पडते, आणि सावलीत दोष लपतो. याचा प्रकाश चहूबाजूंनी येतो. याच्याखाली लपायला जागा नाही.” मित्रांनो, माणसाला पदवी मिळाल्यावर कसे वाटत असेल, ते मला त्या वाक्याने कळले.

पुढे तपासणीसाठी कॅमेऱ्याचे यंत्र आले आणि मला भंगाराच्या खोलीत ठेवले गेले. माझ्या काचेवर धुळीचा थर बसला. पाल माझ्या हातावर बसून विश्रांती घेई. निवृत्तीच्या दिवशी व्यंकटरावांना काय भेट हवी असे विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी माझे नाव घेतले. लोक हसले. ते हसले नाहीत. रिक्षात मला मांडीवर घेऊन ते गारखेड्याच्या घरी आले.

त्यांच्या सूनबाई भानुमती यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्त्रियांसाठी पार्लर सुरू केले होते. एके दिवशी त्यांनी माझी कळ दाबून स्वतःचा हात माझ्याखाली धरला आणि म्हणाल्या, “बाबा, हा इथे कोपऱ्यात काय करतोय? मला द्या.” व्यंकटराव म्हणाले, “भानू, तो टाक्या बघणारा आहे. चेहऱ्यांशी सौम्य वागेल ना?” मी सौम्य वागलो. मात्र खरे तेच दाखवले.

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगतो, ते सलग दुसऱ्या दुष्काळाचे वर्ष होते. जायकवाडीचे पाणी तळाला गेले होते. गल्लीत टँकर येई आणि त्या जड पाण्याचे पांढरे डाग माझ्या काचेवरही उठत. चहूकडे बांधकामे चालू असल्याने हवेत सिमेंटची धूळ होती. ऊन, धूळ आणि क्षारांचे पाणी यांनी साऱ्या शहराचे चेहरे निस्तेज झाले होते. खुर्चीत बसणारी प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, “ताई, चेहरा उजळायला कोणतं सीरम घेऊ?”

बाजारात दोन प्रकारांची चर्चा अधिक होती. एक होते व्हिटॅमिन सीचे, दुसरे फळांतल्या आम्लाच्या जातीचे, त्वचेचा वरचा मृत थर हळूहळू सोडवणारे. स्वतः पारखल्याशिवाय उत्तर देणे भानुमतीबाईंना पटेना. त्यांच्याकडे काम शिकायला येणारी संस्कृती लगेच म्हणाली, “माझ्या चेहऱ्यावर करा की ताई! उजवा गाल एकाचा, डावा दुसऱ्याचा. लगीन कुठं ठरलंय माझं, भ्यायला?”

ही संस्कृती लासूर स्टेशनहून रोज एसटीने येई. तिची आई दगडाबाई तिथल्या मोंढ्यात धान्य निवडण्याचे काम करी. दुष्काळात मोंढा ओस पडला होता, तरी लेकीने शहरात काम शिकावे, या हट्टाने तिने घरातल्यांशी भांडून संस्कृतीला पाठवले होते.

व्यंकटरावांना तुलनेचे कळताच त्यांच्या अंगात जुना निरीक्षक संचारला. “चेहरा एक, पाणी एक, वेळ एक, प्रकाशही एकच, हा!” असे म्हणत त्यांनी माझ्या मानेवर थाप मारली. “बदलायची फक्त एक गोष्ट. नाहीतर तुलना कसली? ती नुसती गप्पाष्टकं.” गाळलेल्या पाण्याचा माठ वेगळा ठेवला गेला. दर सोमवारी संस्कृती माझ्याखाली बसू लागली.

सुरुवातीला सारे छान चालले. उजवा गाल हळूहळू टवटवीत दिसू लागला. डावा, आम्लाच्या सीरमचा, त्याच्याही पुढे धावला. येणाऱ्या बायका आरशात न पाहता माझ्यातून संस्कृतीला पाहत आणि पैजा लावत. एक म्हणाली, “अगं, ही निवडणूकच झाली की! डावे पुढे आहेत.” मी त्या दिवसांत फार खुशीत होतो. कारखान्यात माझ्याभोवती इतकी गर्दी कधी जमली नव्हती.

मग फेब्रुवारी उलटताना डाव्या गालावर तपकिरी छटा आली. पुढच्या सोमवारी ती अधिक गडद झाली. भानुमतीबाईंनी तुलना ताबडतोब थांबवली आणि संस्कृतीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. काळजीचे कारण नाही, हे काही काळाने जाईल, असे डॉक्टर म्हणाले. परंतु लासूर स्टेशनला ही बातमी डॉक्टरांच्या शब्दाआधी पोहोचली होती. शेजारणींनी तोंडाला पदर लावून विचारले होते, “पार्लरात जाऊन पोरीनं थोबाड जाळून घेतलं म्हणं?” आणि घरातल्यांना हवे असलेले निमित्त मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी संस्कृतीसोबत दगडाबाई आली. चपला काढून आत आली, पण बसली नाही.

“पोरीला न्यायला आले म्या,” ती म्हणाली. “तिच्या चुलत्यानं सांगितलंय, आज गेली ती शेवटची. आन् तुम्ही, शिकल्यासवरल्या बाई, तुम्हाला दुसरी कोणी घावली नाय?”

“दगडाबाई, राग बरोबर आहे तुमचा,” भानुमतीबाई म्हणाल्या. “आधी बसा तरी.”

“बसू काय! गोरी करायला निघाल्या अन् काळी केली.”

“गोरी नाही हो. उजळ. आपला आहे तोच रंग स्वच्छ दिसणं.”

“हां, मग दिसतोय की लई स्वच्छ!” दगडाबाईने लेकीची हनुवटी धरून डावा गाल सर्वांसमोर वळवला.

“माय, सोड ना,” संस्कृती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “म्याच म्हनलं होतं माझ्यावर करा म्हनून. ताईंनी नाय.”

मित्रांनो, मला त्या क्षणी एवढेच कळत होते की दगडाबाई दाराबाहेर गेली, तर ही मुलगी पुन्हा या खोलीत येणार नाही. वस्तूला बोलता येत नाही. माझी कळ दाबायला माणूसच लागतो.

ती कळ व्यंकटरावांनी दाबली. “बाई,” ते हात जोडून म्हणाले, “न्यायचं तर न्या. पण नेण्याआधी एकदा यातून बघा. मी तुमच्या ठिकाणी असतो तर बघितलं असतं.”

दगडाबाईने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि नाइलाजाने वाकली. माझ्या काचेत तिच्या लेकीचा गाल मोठा होऊन उभा राहिला. मी माझा सगळा प्रकाश तिथे ओतला. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने बोट पुढे केले.

“ही रेघ कसली गं?”

गालावर खरोखरच रेघ होती. कानशिलापासून हनुवटीच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी गेलेली. रेघेच्या पुढे त्वचा तपकिरी, आणि मागे, कानाच्या बाजूला, तीच त्वचा नितळ आणि उजळ. भानुमतीबाई वाकल्या. “सीरम तर कानापर्यंत लावत होतो,” त्या पुटपुटल्या. “रेघेच्या दोन्हीकडे तेच.”

दगडाबाई सरळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला, ते मलाही दिसले नाही. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि लेकीच्या गालाला गाल लावून स्वतः माझ्याखाली मान घातली. “हे बघा. माझ्या कपाळाला बघा.”

तिच्या कपाळावरही रेघ होती. खाली उन्हाने रापलेला रंग, वर पदराखाली राहिलेला गव्हाळ. “आमच्या समद्या बायांना ही रेघ असती. पदराची कड हाय ती. ही,” तिने लेकीच्या गालाकडे बोट दाखवले, “ओढणीची कड हाय. ऊन हाय हे, ऊन!”

व्यंकटराव खुर्चीच्या काठावर आले. “संस्कृती, एसटीत कुठं बसतेस तू?”

“डाव्या अंगाच्या खिडकीला. जाता-येता माझी ठरलेली जागा हाय, आजोबा. जाताना ओढणी घेऊन टेकून झोपते.”

त्यांनी कपाळाला हात लावला. “सकाळी तू पूर्वेकडे येतेस, तेव्हा डावी खिडकी उत्तरेला. सावली. दुपारी परत पश्चिमेला जातेस, तेव्हा तीच खिडकी दक्षिणेला. सगळं ऊन डाव्या गालावर! आणि आम्लाच्या सीरमनं त्वचा उन्हाला हळवी होते.” ते हसू लागले. “मी पाणी बघितलं, वेळ बघितली, प्रकाश बघितला. सूर्य तेवढा राहून गेला.”

“एवढा मोठा राहिला व्हय!” दगडाबाई म्हणाली, आणि खोलीत पहिल्यांदा हसू फुटले.

चहा आला. भानुमतीबाईंनी स्पष्ट सांगितले की उन्हापासून जपायला हवे हे त्यांना ठाऊक होते. शहरातल्या मुलींप्रमाणे संस्कृतीही पूर्ण तोंडाला स्कार्फ बांधत असेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. दगडाबाईने ते ऐकून घेतले. बशीतला चहा संपवून ती उठली. “चुलत्याला मी सांगते काय सांगायचं ते. उद्या येईल ती.” मग लेकीकडे वळली, “आन् तू, जाताना उजव्या अंगाला बैस. जागा नाय भेटली तर उभी राहा.”

दारातून ती परत आली. “ते उजव्या गालाचं, निवांत वालं असंल ना, त्याचे दोन थेंब मलाबी द्या. बघू तर.”

डाग जायला पावसाळा उजाडला. त्यानंतर तुलना पुन्हा झाली, या वेळी उन्हाचा बंदोबस्त करून. आम्लाचे सीरम लवकर फरक दाखवते, पण त्याचे लाड फार. व्हिटॅमिन सीचे सावकाश चालते आणि बहुतेकींशी जमवून घेते. भानुमतीबाई विचारणाऱ्या प्रत्येकीला दोन्ही बाजू सांगतात आणि आधी विचारतात, “तुम्ही येता-जाता कोणत्या खिडकीत बसता?” नव्या बायका गोंधळतात. मग संस्कृती त्यांना माझ्याखाली बसवून समजावते. ती आता शिकाऊ राहिलेली नाही.

मित्रांनो, शहराचे नाव बदलले, गारखेड्यापासून पडेगावापर्यंत इमारती उठल्या, आणि माझ्यासारखे दिवे आता कोणी बनवत नाही. माझी गोल ट्यूब मिळवायला व्यंकटरावांना गुलमंडीतली दुकाने पालथी घालावी लागतात. तरी मला त्याचे वाईट वाटत नाही. हजारो टाक्या मी तपासल्या. त्यांतली एकही आज मला आठवत नाही. दोन रेघा मात्र माझ्या काचेला पाठ आहेत. मायलेकी एकमेकींच्या गालाला गाल लावून माझ्याखाली वाकल्या होत्या, आणि कपाळावरची रेघ गालावरच्या रेघेला ओळखत होती.

म्हणून तुम्हाला एवढेच मागणे आहे. घरातल्या जुन्या भिंगाला, चष्म्याला, आरशाला टँकरच्या पाण्याने पुसू नका. मऊ कोरडे फडके घ्या. आणि कोणाचा चेहरा बिघडला असे कोणी सांगत आले, तर निकाल देण्याआधी चांगल्या उजेडात जवळ जाऊन बघा, रेघेच्या अलीकडे आणि पलीकडेही. बघताना हात हलका ठेवा. समोर कोणाची तरी लेक बसलेली असते.