श्यामरावांनी केलेली व्हिजिटची तयारी

भिलाईच्या टाऊनशिपमध्ये चौथा ऋतू व्हिजिटचा असे. दिल्लीचा मंत्री, भोपाळचा सचिव, नाहीतर रशियातून जुन्या ओळखीनं आलेला एखादा म्हातारा इंजिनिअर, कोणीही येणार असं कळलं की सगळ्यात आधी बागखात्याला जाग यायची. रस्त्याच्या कडेच्या विटा रंगायच्या, एक गेरूची, एक चुन्याची. झाडांचे बुंधे छातीपर्यंत पांढरे व्हायचे. जिथे काही उगवत नव्हतं तिथे क्रोटनच्या कुंड्या उगवायच्या, आणि साहेबाची गाडी पुढे सरकली की त्याच कुंड्या ट्रकमध्ये बसून आडवाटेनं पुढच्या चौकात त्याच साहेबाच्या स्वागताला हजर व्हायच्या.

या खात्यात श्यामराव बावीस वर्षं कारकून होते. आर्वीकडून आलेला हा माणूस झाडं फारशी ओळखत नसे, पण कोणती कुंडी कुठल्या चौकातून कुठे न्यायची हे झोपेतही सांगे. त्यांच्या कारकिर्दीत एकही व्हिजिट नापास झाली नव्हती. आता पोरगी नापास होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

पोरगी म्हणजे वसुंधरा. एमेस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला. रिओला कुठलीशी मोठी परिषद होऊन वर्ष उलटलं होतं आणि तिथला ‘जैवविविधता’ हा शब्द घरंगळत घरंगळत कॉलेजपर्यंत आला होता. वसुंधराच्या गाईड मॅडमनी तिला तोच विषय दिला. क्वार्टरच्या मागच्या दारापासून नाल्यापर्यंत जी मोकळी पट्टी होती, तिथे आपोआप काय काय उगवतं, त्यातलं कोण काय नेतं, आणि पुढच्या वर्षीही मिळावं म्हणून किती न्यावं, हे पाहायचं. प्रोजेक्टला चांगले मार्क पडले तर जबलपूरला संशोधनाची जागा पक्की होती. नाही पडले तर अकोल्याचे पाहुणे पक्के होते. मुलाची सिमेंटची एजन्सी होती, आणि तो निकालाची वाट वसुंधरापेक्षा जास्त आतुरतेनं पाहत होता.

म्हणून सगळा पावसाळा वसुंधरानं त्या पट्टीत उकिडवं बसून काढला. दोरीचे चौकोन आखायचे, त्यातलं प्रत्येक झुडूप मोजायचं, नाव लिहायचं. आघाडा, माका, केना, कुर्डू, भुईआवळा आणि सगळ्यात जास्त तरोटा. या तरोट्याला इथले लोक चरोटा म्हणतात आणि त्याची भाजी करतात. नाल्यापलीकडच्या बस्तीतली मैनाबाई रोज भाजी खुडायला यायची. कशाचा काय उपयोग हे वसुंधरा तिलाच विचारी. मैनाबाईचा नियम साधा होता. चहा मिळाला तर कोणतंही पान सात रोगांवर चालायचं. चहा नसला की सगळा कचरा. वसुंधरानं दोन्ही उत्तरं प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती.

श्यामराव मागच्या दारात बनियनवर उभे राहून हे पाहत. त्यांच्या खात्यातही तण मोजत, पण ते उपटायसाठी. आधी सर्व्हे, मग मंजुरी, मग कटाई. पोरीचा सर्व्हे तीन महिने चालला होता आणि कटाईचं नाव नव्हतं.

एकदा त्यांनी विचारलंही, “एवढं मोजून राहिली बाई, मंग काढणार कधी?”

बाबा गंमत करताहेत असं वाटून वसुंधरा हसली. ती हसली म्हणून तेही हसले. दोघांचंही समाधान झालं.

परीक्षेची तारीख ठरली. सोमवारी सकाळी जबलपूरहून बाहेरचे परीक्षक येणार, आधी जागा पाहणार आणि तिथेच तोंडी परीक्षा घेणार. गाईड मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यामुळे वसुंधराच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं. रविवारी ती बांधणीला दिलेला प्रबंध आणायला रायपूरला गेली.

इकडे श्यामरावांच्या कानात ‘साहेब जागा पाहायले येणार’ एवढं एकच वाक्य घुमत होतं. बाहेरगावचा साहेब, जागेची पाहणी, सोमवार सकाळ. ही व्हिजिट नव्हती तर काय होतं? पोरीनं सर्व्हे केला, पुढचं काम करायला तिच्याजवळ माणसं कुठून असणार? बापाजवळ होती. त्यांनी मुकादम केवलरामला निरोप धाडला.

दुपारपर्यंत गवताचं मशीन आलं, गँग आली, विटा आल्या. त्यांच्या बायकोनं, कमलिनीबाईंनी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, “अवो, तिले इचारलं का?”

“इचारून मंग सरप्राइज कायचं?” श्यामराव म्हणाले.

संध्याकाळी पट्टी ओळखू येत नव्हती. जमीन न्हाव्यानं दाढी केलेल्या गालासारखी. कडेनं गेरू-चुन्याच्या विटा. मधे झेंडूचा गोल. चारी कोपऱ्यांत क्रोटन. साहेबाशिवाय व्हिजिटला शोभा नाही म्हणून श्यामरावांनी आपल्या मॅनेजर घोषसाहेबांनाही बोलावणं केलं होतं. पोरीनं कॉलेजतर्फे बाग फुलवलीय, सकाळी पाहायला या, असं सांगितलं. कोणाच्या माणसांनी फुलवली हे विचारलं गेलं नाही, म्हणून सांगितलं गेलं नाही.

वसुंधरा आली, मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. पिशवीतला प्रबंध तिच्या हातात होता.

“कुठे गेलं?” तिनं विचारलं.

“काय?”

“सगळं.”

“काढलं,” श्यामराव म्हणाले. बावीस वर्षांत इतक्या समाधानानं त्यांनी हा शब्द उच्चारला नव्हता.

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मग कमलिनीबाईंनी नवऱ्याला खुर्चीवर बसवलं आणि लहान पोराला शिकवावं तसं समजावलं. पोरगी तण काढायसाठी मोजत नव्हती, तण आहे हे दाखवायसाठी मोजत होती. उद्या साहेब तण पाहायला येणार होता. “परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीचा पेपर धुऊन वाळत घातला तुमी,” त्या म्हणाल्या. तण पाहायला जबलपूरहून माणूस येतो, हेच श्यामरावांना पटायला वेळ लागला. पटल्यावर त्यांनी जेवायचं ताट बाजूला सारलं.

सोमवारी परीक्षक डॉ. चतुर्वेदी आले. काटकुळे, काखेत छत्री, चेहऱ्यावर गाडीतल्या जागरणाचा राग. त्यांनी प्रबंधातली यादी वाचली, जमिनीकडे पाहिलं, पुन्हा यादी वाचली. तेवढ्यात पांढरे बूट घातलेले घोषसाहेब जीपमधून उतरले आणि झेंडूचा गोल पाहून “व्हेरी नीट, व्हेरी नीट” म्हणाले.

परीक्षकांनी हिंदीत सांगितलं की चोरलेले प्रबंध त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले आहेत. पण ज्याच्यासाठी दाखवायला जागाही चुकीचीच निवडली, असा हा पहिलाच. चाळीसच्या वर जातींची झाडं लिहिली आहेत, इथे त्यांना दोन दिसतात, आणि तीही नर्सरीतली. मुलीनं हे काम केल्याचं कोणी पाहिलं आहे का?

वसुंधरानं बापाकडे पाहिलं, मग घोषसाहेबांकडे, आणि खाली मान घातली. श्यामरावांच्या ध्यानात आलं. एका वाक्यात ती सुटली असती. पण रविवारी खात्याची गँग घरच्या कामाला लावली हे साहेबासमोर निघालं, तर बापावर कारवाई होईल, हे तिला माहीत होतं. म्हणून ती गप्प होती, आणि तिकडे अकोल्याची सिमेंट एजन्सी जवळ येत होती.

“सर, इथं सगळं होतं,” श्यामराव म्हणाले. “मी काढवलं.”

“किसके आदमियों से?” घोषसाहेबांनी विचारलं.

“अपनेच, सर. संडे होता.”

घोषसाहेब त्यानंतर झेंडूकडे पाहिनासे झाले.

परीक्षक म्हणाले, बाप मुलीसाठी काहीही बोलेल, पुरावा काय? आता पुरावा हा श्यामरावांचा प्रांत होता. कापलेला माल उघड्यावर टाकायचा नाही, नर्सरीमागच्या खताच्या खड्ड्यातच टाकायचा, हा खात्याचा नियम त्यांनीच टाईप केलेला होता. सगळे घोषसाहेबांच्या जीपमध्ये बसले. घोषसाहेबही बसले, कारण जीप त्यांची होती.

अशा तऱ्हेनं वसुंधराची तोंडी परीक्षा खताच्या खड्ड्याच्या काठावर झाली. श्यामराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खड्ड्यात उतरले आणि एकेक मेलेलं झुडूप वर देऊ लागले. ताजं झाड कोणीही ओळखेल. इथे पानं लोळागोळा झालेली, फुलं गळालेली. वसुंधरा देठ चुरगळून वास घ्यायची, बी नखावर काढायची आणि नाव सांगायची. त्याचा उपयोग कोण करतं, तेही सांगायची. परीक्षकांनी छत्री काखेतून काढून जमिनीत रोवली. त्यांचा राग उतरला होता, आणि खालून माल यायला उशीर झाला की ते “और दीजिए, और” म्हणून श्यामरावांना तगादा लावत होते.

मग ते थांबले. प्रबंधात सगळ्यात जास्त चरोटा लिहिला आहे, तो कुठाय? श्यामरावांनी अख्खा ढीग उपसला. एक काडी मिळाली नाही. वसुंधराचा चेहरा पुन्हा उतरला.

खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर मैनाबाई पोतं घेऊन उरलंसुरलं निवडत होती. हा सगळा तमाशा ती मघापासून आनंदानं पाहत होती.

“चरोटा ल तो मैं काली राँध डारेंव, साहब,” ती म्हणाली. मशीन यायच्या आधीच तिनं सगळा चरोटा मुळासकट उपटून घरी नेला होता आणि शिजवला होता. उरलेला घराच्या कौलांवर वाळत होता.

परीक्षकांनी प्रबंधाचं पान उलटलं. एकतृतीयांश भाजी झाडावर सोडावी म्हणजे ती पुन्हा येते, असं तिथे लिहिलं होतं. बाईंनी किती सोडली?

“छोड़ देतेंव,” मैनाबाई म्हणाली, “फेर मशीन आवत रिहिस.”

सोडली असती, पण मशीन येत होतं. परीक्षक एवढे हसले की छत्री पडली. मग त्यांनी खड्ड्यातल्या श्यामरावांना विचारलं, आता हे पुन्हा उगवेल का?

श्यामराव ओशाळले. “उगवते ना, सर. बावीस वर्षांपासून काढून राहिलो, दरसाली येते. आमचा काही इलाज नाही चालला.” ही त्यांनी खात्याच्या अपयशाची कबुली दिली होती. परीक्षकांनी ती वसुंधराला जशीच्या तशी लिहून घ्यायला सांगितली.

मार्क चांगले पडले. परीक्षकांनी एकच दुरुस्ती सुचवली. ‘धोके’ या प्रकरणात वसुंधरानं गुरं, आगी आणि प्लास्टिक लिहिलं होतं, मुख्य धोका राहून गेला होता. तो घालून प्रबंध परत पाठवायचा.

मंगळवारी घोषसाहेबांचा मेमो आला. खात्याच्या मनुष्यबळाचा खासगी वापर, तीन दिवसांत खुलासा करावा. श्यामरावांच्या नोकरीतला पहिला मेमो. ते तो घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर वसुंधरा ‘धोके’ पुन्हा लिहीत होती. रविवारपासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

“बाबा, तुमचं नाव टाकू?” तिनं मान वर न करता विचारलं.

श्यामरावांनी विचार केला. “नाव नको, खातं टाक. मी रिटायर झालो तरी मशीन तं चालूच राहते.”

तिनं तसं लिहिलं. ते लिहिताना तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. तो श्यामरावांनी पाहिला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

“आणि वसू, कटाई संशोधनासाठी झाली, असं कुठं येऊन राहिलं का त्याच्यात?”

“कावून?”

“एक कॉपी काढून दे. मेमोच्या उत्तराले जोडतो.”