रेषा दिसतात तोवर

आप्पांनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. "खिद्रापूर, पन्हाळा एकदा बघून घेतो," एवढंच म्हणाले होते. "मग सांगतो, येतो का न्हाय ते."

चंदनाने त्यासाठी रजा वाढवून घेतली. ती डेहराडूनला एका प्रयोगशाळेत लाकडावर काम करायची. लाकडाचा पापुद्र्याइतका पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि ते कुठल्या झाडाचं ते सांगायचं, हे तिचं रोजचं काम. फेब्रुवारीत आई गेली आणि राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आप्पा एकटे उरले. भाऊ केतन परदेशात. आप्पांना डेहराडूनला न्यायचं हे भावाबहिणीचं फोनवर ठरलं होतं. आप्पांचं ठरायचं होतं.

पण इथे आल्यावर तिला वेगळीच काळजी लागली. आप्पा जेवेनासे झाले होते.

घर जैनांचं. दिवस मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हे आप्पांनी जन्मभर पाळलेलं. सूर्यास्ताची वेळ पंचांगात असते, आता मोबाईलमध्येही असते. पण घरातला नियम आजीने लावून दिलेला होता आणि तो घड्याळ मानत नसे. पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, तेव्हा दाराशी जायचं आणि हात पुढे करायचा. दिवसाच्या उजेडात तळहातावरच्या रेषा दिसतात तोवर जेवायचं. दिसेनाशा झाल्या की ताट उचलायचं. आणि ज्याने त्याने आपापला हात बघायचा. लहानपणी केतन आप्पांचा पंजा ओढून "दिसतायत की, दिसतायत!" म्हणून ओरडायचा, तेव्हा आप्पा म्हणायचे, "माझ्या पोटाचं मी बघतो, तू तुझ्या पोटाचं बघ."

आता ते पाच वाजताच गॅलरीत जात. हात पुढे करून बराच वेळ उभे राहत आणि आत येऊन खुर्चीत बसत.

"झाकून ठेव शालूबाई. आज न्हाय जमत."

स्वयंपाकाला येणाऱ्या शालूबाई फटकळ होत्या. "बाहेर पोरं क्रिकेट खेळायलीत आप्पा, त्यांना चेंडू दिसतोय. आन् तुमचा दिवस बुडला? तुमच्यासाठी काय येगळा सूर्य लावलाय का?"

"व्हय. जुना हाय. लवकर मावळतोय," आप्पा म्हणाले आणि हसले.

चंदनाला हसू आलं नाही. आप्पांच्या सदऱ्याच्या गळ्यात चार बोटं सहज मावत होती. त्यांच्या नात्यात काही म्हाताऱ्या माणसांनी शेवटी अन्न हळूहळू कमी करत नेल्याचं तिने पाहिलं होतं. रीतसर, सगळ्यांना सांगून, शांतपणे. आप्पांनी आईच्या मागे, कुणाला न सांगता, मनातल्या मनात तसं काही धरलं असेल का? विचारायचा तिला धीर झाला नाही. ते हो म्हणाले असते तर पुढे बोलायला काही राहिलं नसतं.

पन्हाळ्याच्या आदल्या दिवशी ते खिद्रापूरला जाऊन आले. आप्पांची जुनी मारुती चंदनाने चालवली. नदी काठोकाठ होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाची भिंत. तिथल्या जुन्या देवळात शिरल्यावर आप्पा एकदम मोकळे झाले. जन्मभर कापडदुकान चालवलेला माणूस. प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायची सवय. ते खांबांवरून हात फिरवत चालले, या खांबाची घडण गोल, त्याची चौकोनी, असं सांगत राहिले. वर छत उघडं असलेल्या मंडपात मधोमध उभं राहून त्यांनी तोंड वर केलं.

"बघ, आभाळ कसं गोल कापून बसवल्यागत. आन् बाहेर हत्तींची रांग बघ. सोंडा फुटल्यात बिचाऱ्यांच्या, पण ओझं घेऊन उभं हायत."

हत्ती होते, सोंडाही फुटलेल्या होत्या. परतताना गाडीत ते आईचं आवडतं भजन गुणगुणत होते. चंदनाला वाटलं, बाहेर काढलं ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पन्हाळ्याला निघाले. तिने दशम्या आणि तिळाची चटणी डब्यात घेतली. गडावर हवा लागली की भूक लागेल, असा तिचा हिशेब होता.

"आता वाघबीळ आलं," आप्पा वळणावर म्हणाले. खरोखर आलं होतं. पुढे घाट लागला आणि अर्ध्या वाटेवर गाडी धुक्यात शिरली. चंदनाने दिवे लावले, वेग कमी केला. पुढच्या एसटीचे फक्त लाल दिवे दिसत होते.

"इतकी हळू का चालवायलीस? बैलगाडी बरी."

"ओला रस्ता आहे, आप्पा."

त्यांना सज्जा कोठी बघायची होती. दर श्रावणात ते आणि आई स्कूटरवरून इथे यायचे, वरच्या मजल्यावरून दरी बघायचे आणि उजेड आहे तोवर डबा खाऊन परत निघायचे. चंदनाच्या खांद्यावर हात ठेवून ते जिना चढले. दगड ओले होते, त्यामुळे तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वर गेल्यावर मात्र त्यांनी तिचा खांदा सोडला, सरळ झरोक्याशी गेले आणि कठड्यावर दोन्ही कोपरं टेकली.

"किती स्वच्छ उघडलंय गं आज!"

चंदना त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"ती बघ वाट, खाली उतरत गेलेली. भाताची खाचरं बघ, एकाखाली एक. आन् पलीकडं जोतिबाचा डोंगर. पार शिखरासकट दिसतोय."

समोर पांढरं होतं. दरी नव्हती, वाट नव्हती, कठड्यापलीकडे वाढलेल्या झुडपाची पानंसुद्धा नव्हती. तिला वाटलं, ते गंमत करतायत. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते डोळे बारीक करून, एकेक जागा ओळखत, खरोखर बघत होते.

खाली भिंतीच्या आडोशाला एक बाई शेगडीवर कणसं भाजत बसली होती. ती तिथूनच ओरडली, "ओ पावणं, कुठला जोतिबा बघायला लागलाय? सकाळधरनं माझी शेगडी मलाच दिसंना झालीया. नुसतं धुकं हाय! खाली या, गरम कणीस देतो. दात हायत न्हवं?"

"हायत की, तुझ्यापेक्षा एखादा जास्तच असंल!" आप्पांनी सवयीने उत्तर दिलं. ते हसले, आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं.

"चंदे. धुकं हाय?"

"हो, आप्पा."

"किती?"

"काहीच दिसत नाही."

"डोंगर?"

"नाही."

त्यांनी हात कठड्याबाहेर काढला, हवेतला ओलावा बोटांनी चाचपला आणि परत आत घेतला.

"मला दिसला की गं," ते म्हणाले.

ते तिथेच दगडी पायरीवर बसले. चंदना त्यांच्याजवळ बसली.

"डोळ्याची नस वाळत चाललीया," आप्पा म्हणाले. "राजारामपुरीतल्याच डॉक्टरांकडं गेलतो, तुझी आई आन् मी. थेंब घालतोय. गेलं ते परत येत न्हाय म्हणाले. तुझ्या आईला सगळं ठाऊक हुतं. हाताला धरून चालायची बाहेर. लोकं म्हणायची, आप्पासोंना म्हातारपणी प्रेम फुटलंय." ते किंचित हसले. "आता धरायला कोण न्हाय, म्हणून बाहेर जात न्हाय, एवढंच."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तिकडनं काय करणार हुतीस? काप काढून मशिनीखाली ठेवणार हुतीस?"

तिने मान खाली घातली. संध्याकाळी गॅलरीत हात पुढे करून उभे असलेले आप्पा तिला आठवले. पाच वाजताचा लख्ख उजेड आठवला.

"म्हणजे रेषा..."

"दिसत न्हाईत. मग काय करणार? नियम हाय."

"पण उजेड असतो, आप्पा. शालूबाई सांगतात ते खरं असतं."

"शालूबाईच्या डोळ्यांनी जेवू व्हय मी?"

खाली शेगडीवर कणीस तडतडलं. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"घरात मला सगळं दिसतंय. दुकानात मी डोळं झाकून कापड सांगायचो, तसं. न्हाणीघराचं दार, गॅलरीची कडी, तुझ्या आईचा फोटो किती वर हाय ते. तिकडं नव्या घरात मी आंधळा हुईन, चंदे. हितं मी नुसता म्हातारा हाय."

तिने त्यांच्या टोपीवरचे धुक्याचे थेंब झटकले.

"म्हणून म्हटलं, पाठ असलेल्या जागा एकदा बघाव्या. त्या दिसल्या तर डोळं अजून उरल्यात असं धरायचं, आन् तुला सांगायचं, मी हितंच राहतो. काल खिद्रापुरात सगळं दिसलं. लई खुशीत हुतो मी काल." ते थांबले. "हत्ती हुते न्हवं तिथं?"

"होते. तुम्ही सांगितलेत तसेच होते."

"ते हुतेच. पण मी बघितले का?"

हे त्यांनाच सांगता यायला हवं होतं, आणि आता त्यांनाही सांगता येत नव्हतं.

ते खाली उतरले तेव्हा धुकं राखाडी व्हायला लागलं होतं. तिने त्यांना गाडीत बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि डबा त्यांच्या मांडीवर दिला. सकाळी दहानंतर त्यांनी काही खाल्लं नव्हतं. झाकण उघडल्यावर दशम्यांचा वास गाडीभर पसरला. आप्पांनी काच खाली केली. सवयीने हात बाहेर काढला, तसाच धरला, आणि मग तो आत घेऊन तिच्यापुढे केला.

"तू बघ."

तिने त्यांचा पंजा दोन्ही हातांत घेतला. त्यांनी असा हात कधी कुणाला दिला नव्हता. तिच्या मोबाईलवर सूर्यास्ताला अजून थोडा अवकाश होता. डबा उघडा होता. दिसतायत, एवढंच म्हणायचं होतं. तिने हात काचेजवळ नेला आणि वाकून पाहिलं. अंगठ्याखालून जाणारी ठळक रेषा दिसल्यासारखी वाटली. मग तिने स्वतःलाच विचारलं, ही दिसतेय, की इथे ती असते हे मला माहीत आहे? हा हात ती लहानपणापासून ओळखत होती. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि जणू परक्याचा हात आहे असं धरून पाहिलं. राखाडी कातडी होती. बाकी काही नव्हतं.

"नाही दिसत, आप्पा," ती म्हणाली.

"बघितलंस नीट?"

"दोनदा बघितलं."

आप्पांनी मान हलवली. डब्याचं झाकण चाचपून घेतलं आणि लावलं. कडी बसली की नाही ते अंगठ्याने तपासलं. त्यांच्या पोटातून भुकेचा आवाज आला, तो दोघांनीही ऐकला.

"बरं," ते म्हणाले. "न्हाय ते न्हाय म्हणालीस. मग येतो मी तुझ्याबरोबर."

हेच ऐकण्यासाठी ती महिनाभर इथे थांबली होती. तिने किल्ली फिरवली, दिवे लावले आणि गाडी हळूहळू उताराला घेतली. वाटेत एकदाही आप्पांनी कुठलं वळण आलं ते सांगितलं नाही. डबा दोन्ही हातांनी धरून ते समोर तोंड करून बसले होते. धुकं संपून खाली गावांचे दिवे सुरू झाले, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

तिने दिसेल तसं सांगायला सुरुवात केली.